उरलेल्या सुया

वत्सला सिस्टरबद्दल आमच्या गावात विचारलंत तर लोक दोन गोष्टी सांगतील. एक म्हणजे तिच्या सायकलला घंटी नव्हती, ती तोंडानेच ओरडायची, "सरका नं जी बाजूले!" दुसरी म्हणजे तिला समोरच्याला काहीतरी शिकवल्याशिवाय चैन पडत नसे, मग समोर डॉक्टर का असेना. तिसरी गोष्ट मला एकट्याला माहीत होती आणि ती मी सहा महिने पोटात दाबून ठेवली. ती चांगली गोष्ट नाही. पण वत्सला सिस्टर कशी होती हे सांगायचं तर ती टाळून सांगता येत नाही.

माझं नाव देवीदास. नागपूरच्या उत्तरेला, हद्दीपलीकडच्या हिंदी राज्यात, सौंसरपासून सायकलने तासाभरावर असलेल्या एका आरोग्य केंद्रात मी ड्रेसर होतो. ड्रेसर म्हणजे जखमा धुणारा आणि पट्ट्या बांधणारा. गावातले लोक मला डॉक्टर म्हणायचे आणि मी कधी कोणाची चूक दुरुस्त केली नाही, यावरून माझा स्वभाव ओळखा. माझ्या बाकावर बहुतेक म्हातारी माणसंच असत. तरणी माणसं जखमेवर माती चोळून कामाला जातात. म्हाताऱ्यांची जखम लवकर भरत नाही, म्हणून ती येतात, आणि खरं सांगायचं तर घरी त्यांच्याशी कोणी बोलत नाही म्हणूनही येतात. कापूस वेचणाऱ्या बायांचे पाय, संत्र्याच्या बगिच्यात आळी करणाऱ्या बुढ्यांचे हात, सगळे माझ्या ओळखीचे होते. चेहरा न पाहता नुसती टाच पाहून मी नाव सांगितलं असतं.

वत्सला आमच्याच गावची, बौद्ध वस्तीतली. सोमकुवरांची. बाप ती तीन वर्षांची असताना गेला. आई कलाबाई हिने दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचून तिला छिंदवाड्याला नर्सच्या शिक्षणाला ठेवलं. वस्तीतली सरकारी नोकरीत गेलेली ही पहिली पोरगी. ती पहिल्या दिवशी पांढरं लुगडं नेसून केंद्रात आली तेव्हा कलाबाई मागून चालत आली आणि दिवसभर पायरीवर बसून राहिली. मी म्हटलं, "मावशी, काही दुखून राहिलं का?" तर म्हणाली, "नाई रे बाप्पा. पाहून राहिलो फक्त." पोरगी आतबाहेर करत होती आणि ही तिच्याकडे पाहत होती. संध्याकाळी दोघी बरोबरच घरी गेल्या.

वत्सलाकडे रामाकोन्याच्या बाजूची चार-पाच खेडी होती. सकाळी सायकल काढायची, दुपारी केंद्रात परत यायची. सन शहाऐंशीत पोरांच्या लसींचा मोठा कार्यक्रम निघाला, त्याच्या प्रशिक्षणाला तिला जिल्ह्याला पाठवलं. आठ दिवसांनी ती परत आली ती नुसती उत्साहाने उतू जात होती. आल्या आल्या कंपाउंडर सुधाकरला विचारलं, "धनुर्वाताच्या शिशीतल्या उरलेल्या सुयांचं काय करता तुमी?"

आमच्याकडे मंगळवार हा सुयांचा दिवस. बर्फाच्या पेटीतून शिश्या यायच्या. धनुर्वाताच्या एका शिशीत दहा जणांचं औषध. ती शिशी एकदा फोडली की त्याच दिवशी संपवायची, दुसऱ्या दिवशी चालत नाही. ही सुई होती गरभार बायांसाठी. आता गाव ते काय, मंगळवारी येऊन येऊन पाच-सहा बाया यायच्या. उरलेलं औषध चार वाजता मागच्या खड्ड्यात. ओतायचं काम माझ्याकडे होतं.

"फेकतो," सुधाकर म्हणाला. "मंग काय करायचं? पिऊन घ्यायचं?"

त्यानंतरच्या शनिवारी तिने आम्हा सगळ्यांना बाकावर बसवलं. मी, सुधाकर, आया शांताबाई. डॉक्टरसाहेब जबलपूरकडचे, तरुण, ते दारात उभे राहून ऐकत होते. वत्सला भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि पहिलाच प्रश्न मला.

"देवीदासभाऊ, तुमच्याकडे जखमा घेऊन जे म्हातारे येतात, त्यातल्या कितीजणांले आयुष्यात एकदा तरी धनुर्वाताची सुई झाली अशीन?"

मी म्हटलं, "त्याहिले कायले? त्याहिचं काय बाळंतपण व्हायचं हाय?"

शांताबाई तोंडाला पदर लावून हसली. डॉक्टरसाहेबांनाही हसू आलं. वत्सला हसली नाही. ती म्हणाली, "हेच तर. सुई देणाऱ्याच्याच डोक्यात ते बसलं हाय, मंग घेणाऱ्याच्या डोक्यातून कसं जाईन?"

मग तिने जे सांगितलं ते मला आजही तोंडपाठ आहे. धनुर्वाताचा जंतू मातीत असतो, शेणात असतो, तो पोटुशी बाई आणि म्हातारा बुढा असा फरक करत नाही. आज जे साठीच्या पुढे आहेत त्यांच्या तरुणपणी ही सुई गावात आलीच नव्हती, आणि आली तेव्हा त्यांचं लेकरं होण्याचं वय सरलं होतं. पुरुषांना तर कोणी विचारलंच नाही. म्हणजे सगळ्यात जास्त अनवाणी फिरणारी, सगळ्यात हळू जखम भरणारी माणसं कोरडीच राहिली. एका सुईने काम होत नाही. पहिलीने अंगाला नुसती ओळख होते, महिन्याने दुसरी दिली की अंग लढायला शिकतं, तिसरी पुढे वर्षाने. "आणि जखम झाल्यावर सुई देऊन त्या जखमेले काही उपयोग नाही," ती म्हणाली. "तहान लागल्यावर विहीर खोदून पाणी भेटत नाही. कोरड्या माणसाले जखम झाली तर त्याले नागपूरले न्यायचं, तिथं वेगळं तयार औषध भेटते, ते त्याच दिवशी, नाही तं दुसऱ्या दिवशी. आपल्या इथं ते नाही."

तेव्हा कोणी म्हणेल की बिचाऱ्या ड्रेसरला माहीत नव्हतं, तर ते खोटं. मला सगळं माहीत होतं. मी हुशार विद्यार्थी होतो. वत्सलाने मागून प्रश्न विचारले तेव्हा सगळ्यात आधी उत्तरं मीच दिली.

डॉक्टरसाहेब म्हणाले, "ठीक है सिस्टर. फेंकने से तो अच्छा है." झालं, परवानगी मिळाली. मंगळवारी गरभार बाया झाल्या की उरलेल्या सुया म्हाताऱ्यांना.

पण म्हातारे येतील तर ना! ती पोटुशीची सुई, हे गावात पक्कं बसलेलं. पहिल्या मंगळवारी एकही म्हातारा आला नाही. दुसऱ्या मंगळवारी वत्सलाने आपल्या आईला आणून बसवलं. "माह्या मायनं घेतली तं बाकीच्या येतीन," ती मला म्हणाली. कलाबाईने दंड पुढे केला, डोळे मिटले, आणि सुई टोचल्यावर "एवढंच?" म्हणाली. मग मात्र लोक यायला लागले. बगिच्यात राखण करणारा कवडू आला. तो म्हणाला, "सिस्टर बाई, मले पोट्टं झालं तं सांभाळीन कोन?" सगळे हसले, वत्सलाही हसली, आणि हसता हसता त्याला सुई टोचून मोकळी झाली. महिन्याभरात पंधरा-सोळा म्हाताऱ्यांची पहिली सुई झाली. वत्सलाने प्रत्येकाला तारीख सांगितली, आणि मलाही बजावलं, "देवीदासभाऊ, दुसरी विसरू नका. पहिलीवर थांबलं तं काहीच नाही केलं."

कलाबाईच्या दुसऱ्या सुईचा मंगळवार आला तेव्हा वत्सला दूरच्या खेड्यात पोरांच्या लसी देत होती. सकाळी सायकलवर पाय टाकता टाकता ती मला म्हणाली, "माय येईन आज. तेवढी द्या."

कलाबाई अकरा वाजता आली. बाकावर सात गरभार बाया बसलेल्या, त्यांच्या सासवा, नणंदा. ही त्यांच्या शेवटाला टेकली. धुतलेलं पातळ, हात मांडीवर. मी पट्ट्या कापत होतो. आणि मला, काय सांगू, गर्दी दिसली की माझ्या जिभेला खाज सुटायची. मी मोठ्याने म्हटलं, "काय व मावशी, कितवा लागला?"

सगळा बाक हसला. कोणाची तरी सासू म्हणाली, "बापाचं नाव तं सांग व कलाबाई!" मग आणखी हसणं. कलाबाईही हसली. हसणं म्हणजे ओठ हलले. मग ती उठली, "बकरीले पाणी पाजून येतो," म्हणाली आणि गेली. कवडूला असलं बोललं की तो दोन शिव्या देऊन परतफेड करायचा. कलाबाई पंचवीस वर्षं विधवा होती. ऐन तारुण्यात रांडपण आलेली बाई, कोणाच्या नजरेत येऊ नये म्हणून उभं आयुष्य मान खाली घालून जगलेली, आणि मी तिला सगळ्यांदेखत असं विचारलं. हे मला त्या वेळी कळलं नाही. मला वाटलं, मी मस्त विनोद केला.

ती परत आली नाही. चार वाजता शिशीत तिघांचं औषध उरलं होतं, ते मी खड्ड्यात ओतलं.

शुक्रवारी केंद्राच्या मागे चहा पीत होतो तर वत्सला आली. "मायची झाली नं?"

"झाली," मी म्हटलं.

का म्हटलं? मी याचा फार विचार केला आहे, आणि काही मोठं कारण सापडत नाही. नाही म्हटलं असतं तर तिने का म्हणून विचारलं असतं, मग विनोद सांगावा लागला असता, मग तिचा धडा ऐकावा लागला असता. चहा गरम होता. पुढच्या मंगळवारी देऊन टाकू, असंही मनात होतं. पुढच्या मंगळवारी कलाबाई वेचणीला होती. त्याच्या पुढच्या मंगळवारी मी विसरलो.

माघ लागला. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, कापून झाली की वावरात खुंट उभे राहतात, बोटभर उंच आणि टोकदार. वस्तीतल्या बाया सरपण गोळा करायला त्यातून फिरतात. एका सोमवारी कलाबाईच्या टाचेत खुंट घुसला. तिने तो उपटला, वर हळद आणि चुलीची राख दाबली, आणि मोळी घेऊन घरी आली. पोरीला सांगितलं नाही. गुरुवारी लंगडायला लागली तेव्हा माझ्याकडे आली.

मी जखम उघडली. आत काळा तुकडा होता, तो काढला, धुतलं, औषध भरलं. पट्टी बांधताना कलाबाई हळूच म्हणाली, "देवीदास, ते दुसरी राहिलीच नं रे."

"हाव," मी म्हटलं.

"पोरीले नको सांगू. म्या तिले घेतली म्हून सांगतलं. भांडन ते." मग थोडं थांबून, "मले लाज वाटली रे तवा."

तिने मला दोष दिला नाही. लाज वाटली, एवढंच म्हणाली. जशी काही चूक तिचीच होती. मी म्हटलं, "मंगळवारी गुपचूप देऊन टाकतो मावशी. कोनाले कळणार नाई."

धडा मला तोंडपाठ होता, हे सांगितलंच आहे.

तेवढ्यात वत्सलाची सायकल आली. आईला माझ्या बाकावर पाहून ती धावतच आत आली. टाच पाहिली, धुतलेल्या कापसावरची राख पाहिली, आईला दोन शब्द सुनावले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दोन सुया झाल्या हायेत म्हून बरं. नाही तं मी आत्ताच्या आत्ता इले नागपूरच्या गाडीत बसवली असती."

नागपूरची गाडी साडेचारला होती. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. स्टँड पाच मिनिटांवर.

कलाबाईने माझ्याकडे पाहिलं. मी पट्टीकडे पाहिलं. पट्टी बांधून झाली होती, तरी मी आणखी एक वेढा दिला. कलाबाई म्हणाली, "घेतल्या व माय, दोन्ही घेतल्या. कायले आरडून राहिली?"

साडेचारची गाडी गेली. मी तिचा हॉर्न ऐकला.

मंगळवारी मी कलाबाईला मागच्या दाराने बोलावून दुसरी सुई दिली. ती म्हणाली, "झालं आता?" मी म्हटलं, "झालं." त्या दिवशी मला हलकं वाटलं, घरी जाऊन पोटभर जेवलो. माणूस स्वतःला किती सहज फसवतो पाहा.

शुक्रवारी सकाळी वत्सला केंद्रात आली ती सायकलवर नाही, पायी. म्हणाली, "माय भाकर चावून नाही राहिली. जबडा उघडत नाही म्हणते." आणि ती माझ्याकडे पाहत राहिली, कारण धनुर्वात जबड्यापासून सुरू होतो हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. "पण दोन झाल्या हायेत," ती म्हणाली. "दोन झाल्यावर होत नाही. दुसरं काही अशीन. दात अशीन."

मी म्हटलं, "दात अशीन."

डॉक्टरसाहेबांनी पाहिलं आणि जीप काढली. मीही बसलो. वाटेत प्रत्येक खड्ड्याला कलाबाईचं अंग धनुष्यासारखं ताठ व्हायचं. वत्सलाने ड्रायव्हरला इतक्या वेळा "हळू" म्हटलं की शेवटी तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "बाई, हळू चालवू का लवकर पोचवू?"

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात अंधाऱ्या खोलीत ठेवलं. या रोगात उजेड सोसत नाही, आवाज सोसत नाही, कोणी हात लावलेला सोसत नाही; जरा काही झालं की झटका येतो. आईच्या तोंडात थेंब थेंब पाणी घालायचीही सोय नव्हती. वत्सलाने बांगड्या काढून पिशवीत ठेवल्या, चपला दाराबाहेर काढल्या, आणि स्टुलावर बसली, स्वतःचेच हात स्वतःच्या मांडीत धरून. तिने किती लोकांच्या कपाळावर हात ठेवला असेल त्या नोकरीत. आईच्या कपाळावर तिला ठेवता येईना. कलाबाई शुद्धीवर होती, सगळ्यात वाईट तेच. तिला सगळं कळत होतं आणि बोलता येत नव्हतं. एकदा तिने डोळे माझ्याकडे वळवले. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

तिथल्या डॉक्टरांनी वत्सलाला विचारलं, "सुया झालेल्या होत्या?"

"दोन. एका महिन्याच्या अंतराने." तिने माझ्याकडे बोट केलं. "दुसरी यांनी दिली."

मी मान हलवली.

डॉक्टर चक्रावले. थोड्या वेळाने म्हणाले, "असं सहसा होत नाही. पण म्हातारं शरीर आहे. कधी कधी लस जोर धरत नसेल." ते तिचं समाधान करायला म्हणाले असतील. तिने मात्र ते वाक्य गाठ मारून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी कलाबाई गेली. तेव्हा कुठे वत्सलाने तिला हात लावला.

आता तुम्ही म्हणाल, त्यानंतर तरी सांगायचं. मी रोज ठरवायचो. वस्तीत बुद्धवंदना झाली, मी मागे उभा होतो. वत्सला नवव्या दिवशी कामावर आली, मी तिला पाणी दिलं. ती म्हणाली, "देवीदासभाऊ, तुमी लय केलं जी मायसाठी." मी रिकामा गिलास उचलून विसळायला गेलो.

तिचं काम तिने सोडलं नाही. सायकल, खेडी, पोरांच्या लसी, सगळं चालू राहिलं. बंद पडला तो शनिवारचा वर्ग. आणि मंगळवारी चार वाजता ती स्वतः शिशी मला आणून द्यायची आणि म्हणायची, "ओतून द्या." म्हाताऱ्यांना तिने बोलावणं सोडलं. चैत्रात कवडू आला. त्याची दुसरी सुई महिनोन्महिने राहिली होती, कधी त्याला सवड नव्हती, कधी शिशीत उरत नव्हती. दंडावरची बाही सरकवून तयारच.

वत्सला म्हणाली, "बाबा, त्याचा काही उपयोग नाही. घरी जा."

"मंग पयली कायले टोचली वं?"

"मी चुकली होती," ती म्हणाली, आणि आत गेली. कवडू माझ्याकडे पाहायला लागला. "हे असं काऊन बोलून राहिली?" मी म्हटलं, "काय मालूम." बगिच्यात पाणी द्यायला तो रोज अनवाणी फिरायचा. त्याचे पाय मला पाठ होते. त्या संध्याकाळपासून मला जेवण जाईना, बायको विचारून थकली.

श्रावणात पांढुर्ण्याला मोठं प्रशिक्षण ठेवलं होतं. पांढुर्णा आणि सौंसर दोन्हीकडचे मिळून चाळीसेक नर्सा, कंपाउंडर, ड्रेसर, एका शाळेच्या हॉलमध्ये. जिल्ह्याहून साहेब आले होते. आमच्या डॉक्टरसाहेबांनी त्यांना मागे कधीतरी उरलेल्या सुयांबद्दल सांगितलं होतं, आणि साहेबांना ते आवडलं होतं. ते म्हणाले, "सौंसर तरफ की वत्सला सिस्टर ने बूढ़े मरीज़ों के लिए अच्छा काम किया है. आइए, अपना अनुभव बताइए. मराठीतच सांगा, सगळ्यांना कळते."

वत्सला उठली. फळ्याजवळ गेली. खडू हातात घेतला आणि ठेवून दिला.

"माझा अनुभव असा हाय," ती म्हणाली, "की म्हाताऱ्या माणसांले ही सुई देऊन फायदा नाही. मी दिल्या. माझ्या आईलेच दोन दिल्या. ती धनुर्वातानं गेली. म्हाताऱ्या अंगात सुई जोर धरत नाही. तुमी सगळे म्हाताऱ्यांचं करता, त्याहिले खोटी आशा देऊ नका. हेच सांगायचं होतं."

हॉलमध्ये वह्या उघडल्याची सळसळ सुरू झाली. लोक लिहून घ्यायला लागले. माझ्या शेजारची पांढुर्ण्याकडची एक ड्रेसर बाई, प्रेमलता, तिने लिहिलं: म्हाताऱ्यांना देऊ नये. मी ते वाचलं. चाळीस वह्या, चाळीस गावं, आणि त्या गावांतले सगळे पाय मला दिसायला लागले.

मी उभा राहिलो. मला धीर आला म्हणून नाही. बसवेना म्हणून.

"दोन नव्हत्या झाल्या," मी म्हटलं.

वत्सलाने वळून पाहिलं.

मी सांगितलं. साहेबांसमोर, चाळीस लोकांसमोर. काय बोललो होतो तो विनोदही सांगितला, कारण तो सोडून सांगता येत नव्हतं. चहाचं सांगितलं. साडेचारच्या गाडीचं सांगितलं. माझं बोलणं नीट नव्हतं, पण कोणी मला थांबवलं नाही.

वत्सला फळ्यापाशीच उभी होती. तिने पेशंटला विचारतात तसं विचारलं, "दुसरी कधी दिली?"

"जखमेनंतर. आठव्या दिवशी."

"म्हंजे जखम झाली तवा एकच होती."

"एकच."

"आईले माहीत होतं?"

"हाव. तिनं नको सांगू म्हटलं. तिले लाज वाटली होती."

मला वाटलं ती मारेल. मी मार खायला तयारच होतो, खरं तर मला तो हवाच होता. तिने मारलं नाही. ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "म्हंजे सुई खोटी नव्हती," आणि तिच्या चेहऱ्यावर क्षणभर चक्क सुटका दिसली. सहा महिने जे तिला खोटं वाटत होतं ते खरं होतं. मी पाहिली ती सुटका. आणि लगेच पुढचं तिच्या ध्यानात आलं, तेही मी पाहिलं. सुई खरी होती, म्हणजे आई जगली असती. सहा महिने तिच्याजवळ निदान एवढं होतं की तिने सगळं केलं आणि तरीही झालं नाही. तेवढंही मी आता काढून घेतलं होतं. न सांगता तिचं शिकवणं मारलं आणि सांगून तिचं समाधान मारलं. यातलं कोणतं कमी वाईट, हे मला अजून कळलेलं नाही.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, आप बैठ जाइए."

"नाही जी," ती म्हणाली. तिने खडू उचलला. "सगळ्याहिनं मी आत्ता सांगतलं ते खोडा. खोडलं? आता लिहा." आणि तिने पहिल्यापासून धडा सुरू केला. जंतू मातीत असतो. म्हाताऱ्यांना कधी सुई झालेली नसते. पहिलीवर थांबायचं नाही. घेणाऱ्याने घेतली म्हटलं तरी देणाऱ्याला विचारायचं, आणि देणाऱ्याने दिली म्हटलं तरी घेणाऱ्याला विचारायचं. हे शेवटचं नवीन होतं. बोलताना ती माझ्याकडे पाहत नव्हती, आवाजही बरोबर होता, वर्गात असायचा तसा.

"जखम व्हायच्या आधी ज्याच्या दोन सुया महिन्याच्या अंतरानं झाल्या हायेत," ती म्हणाली, "असं म्हातारं माणूस,"

आणि तिथे तिला पुढचा शब्द निघेना.

सगळे पेन धरून थांबले. तिने पुन्हा सुरुवात केली, "असं म्हातारं माणूस," आणि पुन्हा तिथेच अडली. प्रेमलताबाईंना राहवलं नाही, त्या हळूच म्हणाल्या, "असू द्या बाई. समजलं आमाले."

"नाही. लिहा," वत्सला म्हणाली. "असं म्हातारं माणूस वाचते."

चाळीस जणांनी ते वहीत उतरवून घेतलं. मीही घेतलं.